मुठीतील वेग आणि एक साधी तार

दूध संकलन केंद्रावर किटल्या पोचविणारा शेतकरी असो, की वाडीवस्तीवर जाणारा शिक्षक असो, मोटारसायकल हे आज अनेकांच्या रोजच्या कामाचे साधन झाले आहे. तिचा वेग चालकाच्या उजव्या मुठीत असतो. परंतु मूठ आणि इंजिन यांना जोडणाऱ्या एक्सिलेटरच्या केबलकडे क्वचितच कोणाचे लक्ष जाते.

या केबलचे दोन भाग असतात. आत पोलादाच्या बारीक तंतूंची पिळलेली तार आणि बाहेर पोलादी वेटोळ्यांवर प्लॅस्टिक चढविलेले आवरण. आवरणाची दोन्ही टोके पक्की टेकविलेली असतात. आतील तार तेवढी सरकते. म्हणूनच केबल टाकीखालून वळणे घेत गेली तरी मुठीची ओढ इंजिनापर्यंत पोचते. अशा केबलचे पेटंट अर्नेस्ट बाउडन यांनी १८९६ साली ब्रिटनमध्ये घेतले. सायकलच्या ब्रेकची केबलही याच तत्त्वावर चालते.

कार्बोरेटर असलेल्या गाड्यांत मूठ फिरविताच तार ओढली जाते आणि कार्बोरेटरमधील झडप उचलली जाऊन हवा व पेट्रोल यांचे मिश्रण इंजिनात अधिक जाते. काही नव्या गाड्यांत हे काम विद्युत संकेतांवर चालते; तेथे केबल नसते.

तार ओढू शकते, ढकलू मात्र शकत नाही. मूठ सोडल्यावर झडप मिटविण्याचे काम स्प्रिंग करते. तार गंजली, आवरणात चिखल शिरला, किंवा एखादा तंतू तुटून आत अडकला, की स्प्रिंगचा जोर अपुरा पडतो आणि मूठ सोडूनही इंजिनाचा जोर ओसरत नाही. अशा वेळी न घाबरता क्लच दाबावा, इंजिन बंद करावे आणि ब्रेक लावून गाडी कडेला घ्यावी.

हा प्रसंग टाळणे सोपे आहे. इंजिन बंद असताना मूठ पूर्ण फिरवून सोडावी. ती झटकन परत आली पाहिजे. नंतर गाडी न्यूट्रलमध्ये उभी करून इंजिन सुरू करावे व हँडल दोन्ही बाजूंना वळवावे. आवाज वाढल्यास केबल ताणली जात आहे, असे समजावे. मुठीला गाडीच्या माहितीपुस्तिकेत दिली असेल तेवढी, साधारणतः काही मिलिमीटर, मोकळी चाल ठेवावी. तंतू तुटलेले दिसल्यास तेलावर भागवू नये, केबलच बदलावी.

पावसाळ्यापूर्वी आपण घर शाकारतो. त्याच सुमारास ही तारही तपासून घ्यावी. तिची किंमत थोडी आहे. तिच्यावर विसंबलेला जीव मात्र मोलाचा आहे.