कामावर अपघात झाला, तर मालकाची जबाबदारी नेमकी कुठपर्यंत असते?

एमआयडीसीतलं एक छोटं शेड. सहा कामगार, दोन पॉवर प्रेस. रात्रपाळी संपायला तासभर उरलेला असतो आणि डायखाली हात सापडून तीस वर्षांच्या ऑपरेटरचा अंगठा जातो. सुपरवायझर त्याला रिक्षात घालून जवळच्या खाजगी दवाखान्यात नेतो. मालक येतो, बिल भरतो, हातात दहा हजार ठेवतो आणि "बरा झालास की ये, तुझी जागा कुठे जात नाही," असं सांगून जातो. चार दिवसांनी एका कागदावर सही घेतली जाते. कागदावर लिहिलेलं असतं, 'माझी कोणतीही तक्रार नाही.'

हा प्रसंग काल्पनिक आहे, पण भोसरी, चाकण, वाळूज किंवा सातपूर भागात काम केलेल्या कुणालाही तो ओळखीचा वाटेल. मालक वाईट आहे असंही नाही, बिल तर त्याने भरलंच की. पण कायद्याने त्याच्यावर टाकलेली जबाबदारी या बिलापाशी संपत नाही.

ही जबाबदारी शंभर वर्षांहून जुनी आहे. १९२३ साली इंग्रजांच्या काळात कामगार नुकसानभरपाई कायदा आला. पुढे त्याचं नाव 'कर्मचारी भरपाई कायदा' झालं. २१ नोव्हेंबर २०२५ पासून नवीन कामगार संहिता लागू झाल्या आणि हा कायदा सामाजिक सुरक्षा संहितेत सामावला गेला. भरपाईचं मूळ सूत्र मात्र तेच राहिलं.

"चूक तुझीच होती" चालतं का?

बहुतेक वेळा नाही. अपघात कामामुळे आणि काम चालू असताना झाला असेल तर भरपाई द्यावी लागते, मग चूक मालकाची असो वा नसो. लक्ष नव्हतं, डुलकी लागली, हात घाईने आत गेला, ही कारणं मालकाला सोडवत नाहीत. अपवाद मोजके आहेत. कामगार दारू किंवा नशेच्या अंमलाखाली असणं, सुरक्षेचा स्पष्ट नियम त्याने जाणूनबुजून मोडणं किंवा मशीनचा गार्ड मुद्दाम काढणं आणि त्यामुळेच इजा होणं. मृत्यू झाला किंवा कायमचं पूर्ण अपंगत्व आलं, तर हे अपवादसुद्धा मालकाच्या कामी येत नाहीत. आणि उत्पादन वाढावं म्हणून सेन्सर बंद ठेवायला सुपरवायझरनेच सांगितलं असेल, तर कामगाराने नियम मोडला असं म्हणताच येणार नाही.

अंगठ्याची किंमत

कायद्याला जोडलेल्या तक्त्यात कोणता अवयव गेला की कमावण्याची ताकद किती टक्के गेली, हे लिहिलेलं आहे. अंगठा गेला तर ३० टक्के, पूर्ण तर्जनी १४ टक्के, एका हाताची चार बोटं ५० टक्के, पूर्ण पंजा ६० टक्के. बोट उजव्या हाताचं की डाव्या, हे तक्ता विचारत नाही.

आता वरच्या ऑपरेटरचा हिशोब. त्याचा पगार १८,००० रुपये आहे असं धरू. जानेवारी २०२० च्या अधिसूचनेनुसार भरपाईच्या गणितात महिन्याचा पगार जास्तीत जास्त १५,००० धरला जातो. त्याचे ६० टक्के म्हणजे ९,०००. त्याला वयाच्या गुणकाने गुणायचं. तीस वर्षांसाठी तो २०७.९८ आहे. आकडा येतो १८,७१,८२०, आणि त्याचे ३० टक्के म्हणजे ५,६१,५४६ रुपये. त्याच्या हातात पडले होते दहा हजार.

शिवाय उपचाराचा प्रत्यक्ष खर्च वेगळा. तो या रकमेतून कापता येत नाही. इजा तात्पुरती असेल आणि काम तीन दिवसांपेक्षा जास्त बंद राहिलं, तर दर पंधरवड्याला मासिक पगाराच्या २५ टक्के, म्हणजे महिन्याला साधारण अर्धा पगार द्यावा लागतो. मृत्यू झाल्यास ६० ऐवजी ५० टक्क्यांनी गणित होतं. ती रक्कम मालकाने परस्पर घरच्यांच्या हातात ठेवायची नसते, सक्षम अधिकाऱ्याकडे जमा करायची असते. घरात वाटणीवरून भांडणं होऊ नयेत, विधवा आणि मुलांचा हिस्सा बुडू नये, यासाठी ही तरतूद आहे.

तक्ता हा शेवटचा शब्द नाही. ओडिशातल्या एका सुताराचा डावा हात कोपराच्या वरून कापावा लागला होता. मालकाचं म्हणणं, हे अंशतः अपंगत्व आहे. सर्वोच्च न्यायालयाने १९७५ साली ते मानलं नाही. एका हाताने सुतारकाम होत नाही, म्हणून त्याचं नुकसान १०० टक्के धरलं गेलं. भरपाईचं देणं अपघाताच्या दिवशीच लागू होतं, कोर्टाचा निकाल लागेल त्या दिवशी नाही, हेही याच खटल्यात स्पष्ट झालं. महिनाभरात पैसे दिले नाहीत तर वर्षाला १२ टक्के व्याज लागतं. उशिराला पटण्यासारखं कारण नसेल तर ५० टक्क्यांपर्यंत दंडही होतो.

आणि तो सही केलेला कागद?

भरपाईचा हक्क सोडून देणारा करार कायद्याने रद्दबातल ठरतो. तडजोड करायचीच असेल तर ती रीतसर नोंदवावी लागते, आणि रक्कम अपुरी वाटली तर नोंदणी नाकारता येते. तेव्हा सही झाली म्हणून विषय संपला, असं समजून घरी बसू नये.

कामगार ठेकेदाराचा असेल तर मालक सहसा ठेकेदाराकडे बोट दाखवतो. पण स्वतःच्या धंद्याचं काम ठेकेदाराकडून करून घेणाऱ्या मूळ मालकाकडेही भरपाई मागता येते. त्याने आधी द्यावी आणि मग ठेकेदाराकडून वसूल करावी.

ईएसआय असेल तर मार्ग बदलतो

दहा किंवा जास्त कामगार असलेल्या कारखान्यात २१,००० रुपयांपर्यंत पगार असणाऱ्यांना ईएसआय लागू होतो. तिथे भरपाई मालकाकडून नाही, महामंडळाकडून मिळते. उपचार, तात्पुरत्या अपंगत्वात सरासरी रोजच्या ९० टक्के, कायमच्या अपंगत्वात दरमहा रक्कम, मृत्यू झाल्यास कुटुंबाला पेन्शनसारखा लाभ. कामावरच्या इजेसाठी आधी इतके महिने वर्गणी भरलेली हवी अशी अट नाही, पहिल्या दिवशी अपघात झाला तरी हक्क आहे. मालकाचं काम म्हणजे अपघाताची खबर लगेच कळवणं आणि नोंद खरी करणं. त्याने कामगाराची नोंदणीच केली नसेल तर महामंडळ कामगाराला लाभ देऊन ती रक्कम मालकाकडून वसूल करू शकतं. तात्पुरत्या अपंगत्वाचा लाभ चालू असताना कामावरून काढताही येत नाही.

खरी गोम नोंदीत असते. दवाखान्याच्या केस पेपरवर 'घरी पडल्याने' असं लिहिलं गेलं, तर पुढे मशीनवर इजा झाली हे सिद्ध करताना दमछाक होते. म्हणून जागा, वेळ आणि मशीन त्या पहिल्याच कागदावर लिहून घ्यावं, आणि त्याचा फोटो घरच्या कुणाच्या तरी मोबाइलवर ठेवावा. सोबत काम करणाऱ्या दोघांची नावंही.

कामावर जाताना वाटेत अपघात झाला तर काय, हा प्रश्न बरीच वर्षं लोंबकळत होता. धाराशिव जिल्ह्यातल्या एका प्रकरणाने तो बराचसा सुटला. साखर कारखान्यातला पहारेकरी पहाटे तीनच्या ड्युटीला मोटारसायकलवरून निघाला होता. कारखाना पाच किलोमीटरवर असताना अपघात झाला आणि तो गेला. ही गोष्ट एप्रिल २००३ ची. आयुक्तांनी ३,२६,१४० रुपये भरपाई दिली, मुंबई उच्च न्यायालयाने ती रद्द केली. शेवटी जुलै २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने कुटुंबाच्या बाजूने निकाल दिला. अपघाताची वेळ, जागा आणि नोकरी यांचा संबंध जुळत असेल तर येण्याजाण्यातला अपघातही कामावरचाच, असं न्यायालयाने म्हटलं. नव्या संहितेतही अशी तरतूद आहे. पण त्या कुटुंबाची बावीस वर्षं गेली.

दावा करण्याची मुदत अपघातापासून दोन वर्षं आहे. सबळ कारण असेल तर उशीर माफ होऊ शकतो. महाराष्ट्रात बहुतेक ठिकाणी हे दावे कामगार न्यायालयात चालतात. जखमी माणूस बोट गमावून बीडला किंवा बिहारला गावी परतला असला तरी अडत नाही. दावा अपघात झाला तिथेच करावा असं बंधन नाही, दावेदार राहतो त्या भागातही तो करता येतो.