वेढ्यातले दिवे, जत्रेतले दिवे

कोरियातल्या जिंजूच्या किल्ल्यातून रात्री नाम नदीत सोडलेल्या दिव्यांना आधी नेमून दिलेली कामं होती. साल 1592. तोयोतोमी हिदेयोशीच्या जपानी फौजा बुसानला उतरल्या आणि तीन आठवड्यांत राजधानी, म्हणजे आजचं सोल, त्यांच्या हातात गेली. पश्चिमेकडचा जॉल्ला प्रांत, कोरियाचं धान्याचं कोठार, तेवढा शाबूत होता आणि तिकडे जाणारी वाट जिंजू अडवून बसलं होतं. हिवाळ्याच्या तोंडाशी वेढा पडला. आत सेनापती किम शी-मिन याची जेमतेम 3,800 माणसं, बाहेर वीस हजारांच्या आसपास जपानी सैन्य. स्थानिक परंपरा सांगते, की किल्ल्यातून पाण्यावर सोडलेले दिवे बाहेरच्या साथीदारांना इशारा देत, अंधारात नदी ओलांडू पाहणाऱ्या शत्रूला उघडं पाडत आणि आत अडकलेल्यांची खुशाली प्रवाहाबरोबर घरच्यांपर्यंत पोचवत. बाहेरून क्वाक जे-ऊ या स्वयंसेवक फौजेच्या सरदाराच्या माणसांनी टेकड्यांवर मशाली पेटवून, शिंगं फुंकून मोठी कुमक आल्याचा देखावा उभा केला. सहा दिवसांनी जपानी मागे हटले. किम शी-मिन मात्र गोळी लागून गेला.

पुढच्या उन्हाळ्यात जपानी सैन्य कित्येक पटींनी मोठं होऊन परतलं आणि किल्ला पडला. सैनिक आणि आश्रयाला आलेली रयत मिळून सत्तर हजार माणसं मारली गेली, असा परंपरेनं चालत आलेला आकडा आहे. दर ऑक्टोबरात जिंजूमध्ये भरणारा कंदिलांचा उत्सव या दोन्ही लढायांच्या आठवणीवर उभा आहे. जय साजरा करायचा आणि मेलेल्यांना दिवा दाखवायचा, दोन्ही त्याच पाण्यावर.

सोलहून वेगवान रेल्वेनं जिंजू साडेतीन तासांवर येतं, पण एका दिवसात जाऊन यायचं तर बुसान गाठावं. तिथल्या सासांग भागातल्या बस स्थानकावरून दीड तासाच्या आसपास वेळ लागतो. लोक संध्याकाळच्या हिशेबानं निघतात. माझं मत विचाराल तर दुपारीच पोचावं. किल्ला उजेडात पाहिला नसेल तर रात्रीचे दिवे नुसती रोषणाई वाटतात.

किल्ल्याची तटबंदी 1379 मध्ये दगडात बांधली गेली. आत जिंजूचं राष्ट्रीय संग्रहालय आहे आणि ते प्रामुख्यानं याच जपानी आक्रमणाला वाहिलेलं आहे. तोफा, नकाशे, कागदपत्रं बघायला तासभर सहज जातो. नदीच्या कड्यावर छोकसॉन्गनू हा खांबांवर उभा असलेला प्रशस्त मंडप. मूळचा तेराव्या शतकातला, 1950 मध्ये कोरियन युद्धात जळला, आज दिसतो तो 1960 मध्ये पुन्हा बांधलेला. जोडे काढून वर जायचं आणि लाकडी जमिनीवर बसून नदीचा वारा घ्यायचा.

मंडपाखाली पाण्यालगत उइआम नावाचा खडक आहे. किल्ला पडल्यावर जपानी सरदारांनी इथे विजयाची मेजवानी झोडली. त्या वेळी नोंगे नावाची गिसेंग, म्हणजे दरबारी कलावंतीण, एका सरदाराला या खडकावर घेऊन गेली, मिठी मारली आणि त्याच्यासकट नदीत कोसळली. मिठी सुटू नये म्हणून तिनं दहाही बोटांत अंगठ्या घातल्या होत्या, असं सांगतात. जवळच्या जिंजू पुलाच्या खांबांवर त्या आठवणीसाठी मोठी सोनेरी कडी बसवली आहेत. आधी ती निव्वळ सजावट वाटतात; गोष्ट कळल्यावर पुलाकडे बघणं बदलतं.

दिवे लागेपर्यंत जेवून घ्यावं. जिंजूचा बिबिमबाप इतर ठिकाणच्यासारखा नसतो. भातावर मोड, भाज्या आणि मधोमध कच्च्या गोमांसाचे मसाला चोळलेले बारीक तुकडे, सोबत गुरांच्या गोठलेल्या रक्ताचं सूप. शेवटच्या लढाईआधी किल्ल्यात गुरं कापून सगळ्यांनी हेच खाल्लं, असं गावकरी सांगतात. शाकाहारी माणसाला इथे फार वाव नाही. मांस वगळायला सांगून भात-भाजीवर भागवावं लागतं.

अंधार पडू लागला की नदी पेटते. पाण्यावर तरंगणारे कंदील काही साधेसुधे नसतात: कासवाच्या आकाराची युद्धनौका, ड्रॅगन, घोडेस्वार, लोककथांतली पात्रं, काही तर घराएवढी. तारेच्या सांगाड्यावर कापड ताणायचं, रंगवायचं आणि आत विजेचे दिवे. आपला आकाशकंदील काड्या-कागदातून जसा उभा राहतो तसंच तंत्र, फक्त प्रमाण अवाढव्य. जिंजू हे कोरियातलं रेशमाचं मोठं केंद्र असल्यानं रेशमी कंदिलांची कमानही असते. नदी ओलांडायला तात्पुरते तरंगते पूल टाकतात. त्यांवरून चालताना कंदील हाताच्या अंतरावर येतात.

यातले काही कंदील उघडच लहान मुलांच्या बागेतल्यासारखे भडक असतात. मला गुंतवून ठेवतात ते काठावर रांगेनं टांगलेले इच्छा-कंदील. प्रत्येकावर चिठ्ठी: कुणाची परीक्षा, कुणाच्या आईची तब्येत, कुणाला नोकरी. असे हजारो. वेढ्यात अडकलेला माणूसही घरी याहून फार वेगळं काय कळवत असणार?

या उत्सवाला लोक पारंपरिक म्हणतात, पण त्याचं आजचं रूप तरुण आहे. 1949 पासून भरणाऱ्या कला-महोत्सवात दिवे सोडण्याचा कार्यक्रम असे. स्वतंत्र उत्सव झाला तो 2000 च्या सुमारास. तरी हक्काची भावना जबरदस्त. सोल शहरानं 2009 पासून छॉन्गग्येछॉन ओढ्यावर कंदील मांडले, तेव्हा जिंजूनं नक्कल केल्याचा आरोप केला आणि 2013 मध्ये खुद्द जिंजूचे महापौर सोलच्या महापालिकेसमोर फलक घेऊन एकटे उभे राहिले. पुढे समझोता झाला, सोलनं उत्सवाचं नाव बदललं. कंदील तरंगवण्यावर कुणाची मक्तेदारी असावी हे मला पटत नाही, पण सोलच्या त्या ओढ्याला वेढ्याचा इतिहास नाही हेही खरं.

जिंजूनंही मग चूक केली. 2015 मध्ये प्रवेशाला दहा हजार वॉन लावले आणि फुकट दिसू नये म्हणून नदीकाठी आडोसे उभारले. एका आजीनं वाकून पाठ दिली आणि दुसरी तिच्यावर चढून पलीकडे डोकावते आहे, असा फोटो तेव्हा देशभर फिरला. गावाची नदी गावालाच दिसेना म्हटल्यावर ओरड होणारच. 2018 पासून प्रवेश पुन्हा मोफत झाला. परिणामी शनिवारी-रविवारी तरंगत्या पुलांवर रांगा लागतात, म्हणून मधला वार निवडावा आणि बुसानला परतायच्या शेवटच्या बसचं तिकीट दुपारी उतरल्या उतरल्याच काढून ठेवावं.