जोर भरपूर, पल्ला तोकडा

जुलै २०१९ मध्ये फोर्ड कंपनीने एक व्हिडिओ प्रसिद्ध केला. एफ-१५० पिकअपचा विजेवर चालणारा नमुना मालगाडीचे दहा दुमजली डबे ओढतो आहे. आधी ते रिकामे होते, मग त्यांत ४२ पिकअप भरून पुन्हा ओढले. वजन साडेपाचशे टनांच्या वर. ‘विजेच्या गाडीत दम नसतो’ हा समज तेव्हाच संपायला हवा होता. तो संपला नाहीच, वर दुसरा एक समज रुजला, की आता जड ओढकामातून डिझेल हद्दपार होणार.

त्या प्रयोगात खोटं काही नव्हतं, पण पोलादी चाक पोलादी रुळावर फार सहज फिरतं. सपाट रुळावर मालडबा हलता ठेवायला त्याच्या वजनाच्या हजारात दोन-तीन भाग इतकाच जोर लागतो, म्हणजे साडेपाचशे टनांसाठी एक-दीड टन. तेवढा जोर चांगली डिझेल पिकअपही लावते. विजेच्या मोटरची खरी खुबी अशी की शून्य वेगापासूनच ती पूर्ण टॉर्क, म्हणजे चाक फिरवण्याचा जोर, देते. क्लच जाळायला नको, गियर बदलायला नको. बोटीचा ट्रेलर ओल्या उतारावरून वर काढायचा असेल, तर हा फरक चालवणाऱ्याला लगेच जाणवतो.

आपल्याकडे पिकअप म्हणजे हौद्यात कांद्याच्या गोणी नाहीतर भाजीचे क्रेट. अमेरिकेत ती मागे काहीतरी जोडण्यासाठीही घेतली जाते: घोड्यांचा ट्रेलर, जेसीबीसारखं यंत्र, सुट्टीतलं चाकांवरचं घर. म्हणून तिथे जाहिरातीत टॉर्कचे आकडे मोठ्या अक्षरांत असतात, आणि सर्वांत जास्त दिशाभूल तिथेच होते. २०२० मध्ये जीएमसीने विजेच्या हमरचा टॉर्क ११,५०० पाउंड-फूट सांगितला. तो चाकांवर मोजलेला होता. डिझेल पिकअपचा आकडा इंजिनावर मोजतात. फोर्डच्या मोठ्या डिझेलचे १,२०० पाउंड-फूट पहिल्या गियरमधून चाकापर्यंत जाताना पंधरापट वाढतात. त्याच मापाने मोजलं तर डिझेल १८,००० पाउंड-फूट म्हणू शकेल.

आणि टॉर्क जास्त म्हणजे ओढायची क्षमता जास्त, हेही खरं नाही. विजेच्या एफ-१५० लाइटनिंगचा टॉर्क १,०५० न्यूटन-मीटर आणि तिची कमाल मर्यादा साडेचार टन. शेव्हरोले सिल्व्हराडोच्या तीन लिटर डिझेलचा टॉर्क जेमतेम ६७० आणि मर्यादा सहा टन. चॅसिस, एक्सल, टायर, ब्रेक, ट्रेलर जोडायची हिच आणि गाडी-ट्रेलरचं मिळून वजन या सगळ्यांवर ती मर्यादा ठरते. लाइटनिंगमध्ये एकट्या बॅटरीचं वजनच ८०० किलोंच्या आसपास आहे. फोर्डची एफ-४५० डिझेल १८ टनांपर्यंत ओढते, पण तो वर्गच वेगळा. तिची गाठ लाइटनिंगशी घालणारे व्हिडिओ करमणूक म्हणून ठीक, गाडी निवडायला निरुपयोगी.

आता मुख्य गोष्ट. ‘ट्रेलर जितका जड, तितकी बॅटरी लवकर संपते’ असं बहुतेकांना वाटतं. मोटरट्रेंड मासिकाने ४८० किलोमीटरचा अधिकृत पल्ला असलेल्या लाइटनिंगला तीन वेगवेगळे कॅम्पर, म्हणजे तीच चाकांवरची घरं, जोडून पाहिले. सर्वांत हलका सुमारे १,४०० किलोंचा. त्याच्यासह पल्ला १८५ किलोमीटर. सर्वांत जड पावणेतेहतीसशे किलोंचा, आणि त्याच्यासह १४५. वजन दुपटीहून जास्त, फरक चाळीस किलोमीटरचा. मोठी घट पहिला कॅम्पर जोडला तेव्हाच झाली होती, कारण हायवेवर गाडीचा झगडा मुख्यतः हवेशी असतो आणि कॅम्पर म्हणजे वाऱ्यात उभी केलेली भिंत. वजन त्रास देतं ते सुटताना आणि चढावर. हवेचा अडथळा वेगाच्या वर्गाने वाढतो, त्यामुळे ताशी ११० ऐवजी ९० ने गेलं तर हवेवर दर किलोमीटरला खर्च होणारी ऊर्जा एक तृतीयांशाने घटते. ट्रेलर ओढणाऱ्याला यापेक्षा स्वस्त उपाय नाही.

डिझेलचं अ‍ॅव्हरेजही ट्रेलर लावल्यावर कोसळतं, पुष्कळदा निम्म्यावर येतं. ते फारसं कुणाला खुपत नाही, कारण टाकीच अवाढव्य असते. एक लिटर डिझेलमध्ये साधारण दहा युनिट ऊर्जा असते. १३० लिटरच्या टाकीत झाली १,३०० युनिट. त्यातला तिसरा हिस्साच चाकापर्यंत पोचला तरी चारशेच्या वर. लाइटनिंगच्या मोठ्या बॅटरीत सगळी मिळून १३१ युनिट. कार्यक्षमतेत मोटर कितीतरी पुढे आहे, तरी शिदोरीच लहान पडते.

घाटाबद्दल मात्र विजेवर उगाच अविश्वास आहे. कोलोरॅडोत आय-७० महामार्ग डिलन गावापासून आयझेनहॉवर बोगद्यापर्यंत सहाशे मीटरहून जास्त चढतो आणि ३,४०० मीटर उंची गाठतो. तिथल्या विरळ हवेत साधं पेट्रोल इंजिन धापा टाकतं, टर्बो डिझेल निभावून नेतं, मोटरला तर काही फरकच पडत नाही. गाडी-ट्रेलर मिळून साडेसात टन असतील, तर नुसती ती उंची चढायला १२ युनिट लागतात. उतरताना मोटर जनित्रासारखी फिरून गाडीला रोखते आणि त्यातली काही युनिट परत देते. डिझेलचा एक्झॉस्ट ब्रेकही गाडी उत्तम धरतो, फक्त ती ऊर्जा उष्णता होऊन वाया जाते. एक पथ्य पाळायचं: घाटमाथ्यावर बॅटरी शंभर टक्के भरून उतरू नये, परत आलेली वीज साठवायला तिच्यात जागा उरत नाही.

खरी अडचण चार्जरपाशी येते. लाइटनिंग १५ ते ८० टक्के भरायला वेगवान चार्जरवर ४१ मिनिटं लागतात, असं फोर्ड सांगते. जड कॅम्पर मागे असेल तर तेवढ्यात जेमतेम ९५ किलोमीटर जाता येतं. शिवाय बहुतेक चार्जर पार्किंगच्या खणांत तोंड घालून उभं राहण्यासाठी बांधलेले. म्हणजे आधी ट्रेलर कुठेतरी सपाट जागी न्या, चाकांना ओट लावा, साखळ्या सोडा, दिव्यांची वायर काढा, जॅक फिरवून हिच उचला. चार्जिंग झालं की हेच सगळं उलट क्रमाने. आरपार जाता येईल असे चार्जर आहेत, पण विरळ. नवरा-बायको आणि दोन पोरं घेऊन दिवसातून चार वेळा हे करणं म्हणजे सुट्टीचा विचका. रोज तीस-चाळीस किलोमीटर अवजारांचा ट्रेलर नेऊन रात्री घरी परतणाऱ्या सुताराला मात्र विजेची पिकअप आजच डिझेलपेक्षा सोयीची आणि स्वस्त पडते. घोडे घेऊन राज्याबाहेर जाणाऱ्याने तिच्या वाटेला जाऊ नये.

मोठी बॅटरी बसवणं हा उपाय वाटतो तितका सोपा नाही. विजेच्या सिल्व्हराडोत २०० युनिटांच्या वर बॅटरी आहे आणि गाडीचं स्वतःचं वजन चार टनांच्या घरात जातं. म्हणूनच कंपन्या वेगळी वाट धरताहेत. रॅम कंपनीने सप्टेंबर २०२५ मध्ये निव्वळ विजेची पिकअप रद्द केली. डिसेंबरमध्ये फोर्डनेही निव्वळ विजेची लाइटनिंग थांबवत असल्याचं जाहीर केलं. दोघांच्याही पुढच्या गाडीत चाकं मोटरच फिरवणार आणि सोबतचं इंजिन वीज तयार करणार. आपल्याकडच्या डिझेल रेल्वे इंजिनांतही कित्येक दशकं मूळ रचना हीच आहे. रॅमच्या गाडीत ९२ युनिटांची बॅटरी, चाकांना न जोडलेलं पेट्रोल इंजिन आणि सव्वासहा टनांपर्यंत ओढण्याचा दावा आहे.