परदेशचें नागरिकत्व आणि गांवचें घर

नीरेच्या डाव्या कालव्याचें पाणी बारामती व इंदापूर या तालुक्यांतून वाहतें. या पाण्यावर पिकलेल्या उसाच्या पैशावर जीं मुलें पुण्यास शिकलीं, त्यांतील कांहीं पुढें समुद्रापलीकडे गेलीं आणि तेथेंच स्थिरावलीं. तीस-पस्तीस वर्षांची नोकरी संपल्यावर, मुलें आपापल्या मार्गाला लागल्यावर, त्यांतील एखाद्या दांपत्यास गांवचें घर आठवूं लागतें. घर आहे, भावबंद आहेत, गांठीला पैसाहि आहे. मग परत येण्यास अडचण कोणती? अडचण एवढीच, कीं मध्यंतरीं त्या गृहस्थानें तिकडील नागरिकत्व घेतलेलें असतें. ज्या ओट्यावर तो लहानपणीं खेळला, त्याच ओट्यावर तो आतां कायद्याच्या दृष्टीनें परदेशी माणूस म्हणून बसलेला असतो.

हा केवळ शब्दांचा खेळ नव्हे. नागरिकत्वाच्या १९५५ च्या कायद्यान्वयें, जो भारतीय स्वेच्छेनें दुसऱ्या देशाचें नागरिकत्व पत्करतो, त्याचें भारतीय नागरिकत्व तेव्हांच संपतें. दोन देशांचें नागरिकत्व एकाच वेळीं बाळगण्याची सोय आपल्याकडे नाहीं. जुना भारतीय पासपोर्ट पेटींत जपून ठेवावयाचा आणि गरज पडेल तेव्हां वापरावयाचा, हा दंडास पात्र असा अपराध होय. तो वकिलातींत परत करून तसा दाखला घ्यावा लागतो, आणि पुढील सर्व कामांत हाच दाखला प्रथम मागितला जातो.

थायलंडसारख्या देशांत पन्नाशी गांठलेल्या परदेशीय निवृत्तांसाठीं निराळा व्हिसा आहे. भारतांत असा निवृत्तांचा व्हिसा नाहीं. परंतु मूळच्या भारतीयांसाठीं सरकारनें २००५ सालीं ‘ओ. सी. आय.’ या नांवाची नोंदणी सुरू केली. या नांवांत ‘नागरिक’ हा शब्द असला, तरी हें नागरिकत्व नव्हे. ती जन्मभर चालणारी प्रवेशाची परवानगी आहे. संविधान अंमलांत आलें त्या दिवशीं, म्हणजे २६ जानेवारी १९५० रोजीं, अथवा त्यानंतर जो भारताचा नागरिक होता, त्यास, तसेंच त्याच्या मुलांस, नातवंडांस व पणतवंडांस ती मिळूं शकते. जो कधीं पाकिस्तानचा वा बांगलादेशाचा नागरिक होता, त्यास मात्र ती मिळत नाहीं. नोंदणी झालेल्या गृहस्थास भारतांत हवे तितके दिवस राहतां येतें आणि त्यासाठीं पोलिसांकडे नोंद करण्याचें कारण उरत नाहीं. मतदानाचा अधिकार मात्र त्यास नाहीं. ग्रामपंचायतीच्या निवडणुकींतहि त्यानें प्रेक्षकच राहावयाचें.

पत्नी मूळची परदेशीय असेल, तर विवाहाची नोंद होऊन दोन वर्षें लोटल्यावर तिलाहि हें कार्ड मिळूं शकतें. मात्र तो विवाह कायद्यानें मोडल्यास कार्डहि रद्द होऊं शकतें. कार्डधारकानें पन्नाशी उलटल्यावर नवा पासपोर्ट घेतला, तर त्याची प्रत व नवें छायाचित्र तीन महिन्यांच्या आंत एकदां सरकारी संकेतस्थळावर सादर करावें. काम क्षुल्लक, पण वृद्धपणीं विसरलें जाणारें आहे.

यानंतरचा प्रश्न जमिनीचा; आणि या दोन तालुक्यांतील माणसाच्या काळजाला हात घालणारा प्रश्न हाच. वडिलोपार्जित शेत वारसाहक्कानें ओ. सी. आय. धारकाकडे येऊं शकतें. वारसनोंद करून, फेरफार मंजूर होऊन सात-बाऱ्यावर त्याचें नांव लागूं शकतें. परंतु शेजारच्या बांधाची दोन एकर जमीन विकावयास निघाली, तर ती त्यास विकत घेतां येत नाहीं. शेतजमीन, शेतघर व मळ्याची मालमत्ता या तिहींची खरेदी त्यास वर्ज्य आहे. बारामतींत राहण्यासाठीं घर अथवा सदनिका मात्र तो खुशाल घेऊं शकतो.

अशा वेळीं घरांत एक सल्ला हमखास दिला जातो : “भावाच्या नांवावर घेऊन ठेवूं, आपल्यांत परकें कोण आहे?” हा सल्ला प्रेमाचा असला, तरी घातक आहे. एकानें पैसा द्यावयाचा आणि मालमत्ता स्वतःच्या उपयोगासाठीं दुसऱ्याच्या नांवावर ठेवावयाची, हा बेनामी व्यवहार होय. १९८८ चा यासंबंधींचा कायदा २०१६ सालीं बराच कडक करण्यांत आला; त्याखालीं ती मालमत्ता सरकारजमा होऊं शकते आणि कैदेची शिक्षाहि आहे. शिवाय भावाच्या पश्चात् पुतण्यांनीं हात वर केले, तर दाद मागावयास जागा उरत नाहीं, ती गोष्ट वेगळीच.

आतां बँकेकडे वळावयाचें. परदेशीं राहणाऱ्या भारतीय वंशाच्या माणसास येथें तीन प्रकारचीं खातीं ठेवतां येतात. पहिलें ‘एन. आर. ई.’ : यांत परदेशांतून आणलेला पैसा रुपयांत राहतो, मुद्दल व व्याज परत नेतां येतें आणि व्याजावर येथें कर पडत नाहीं. दुसरें ‘एन. आर. ओ.’ : यांत घरभाडें, लाभांश, उसाचें बिल असें येथील उत्पन्न जमा व्हावयाचें; त्याच्या व्याजावर कर कापला जातो आणि कर भरून उरलेली रक्कम बाहेर नेण्यास एका आर्थिक वर्षांत दहा लाख डॉलरांची मर्यादा आहे. तिसरें ‘एफ. सी. एन. आर.’ : ही परकीय चलनांतच ठेवलेली, एक ते पांच वर्षांची मुदत ठेव होय.

कायमचे परत येणारे लोक नेमके येथेंच चुकतात. एन. आर. ई. खातें व्याजास बरें म्हणून ते तसेंच चालूं ठेवतात. परंतु तें खातें बाहेर राहणाऱ्यासाठीं आहे. परत आल्यावर बँकेस तसें कळवून त्याचें साध्या खात्यांत रूपांतर करावें लागतें, अथवा पैसा परकीय चलनांत राहावा अशी इच्छा असल्यास ‘आर. एफ. सी.’ खात्यांत वळवावा लागतो. परदेशचें निवृत्तिवेतनहि या शेवटच्या खात्यांत घेतां येतें. एफ. सी. एन. आर. ठेव मात्र मुदत संपेपर्यंत तशीच राहूं शकते.

घोटाळा होण्याचें कारण असें, कीं ‘रहिवासी कोण’ याचीं उत्तरें दोन कायदे दोन रीतींनीं देतात. परकीय चलनाचा १९९९ चा कायदा माणसाचा हेतु पाहतो. कायम राहण्यासाठीं जो आला, तो आल्यापासून रहिवासी. प्राप्तिकराचा कायदा दिवस मोजतो. दिवाळीस कायमचा परत आलेल्या गृहस्थाचे मार्चअखेर १८२ दिवस भरत नाहींत. मागील चार वर्षांत मिळून त्याचें येथील वास्तव्य वर्षाहून कमी असेल, तर त्या वर्षापुरता तो करासाठीं अनिवासीच राहतो, जरी बँकेच्या दृष्टीनें तो रहिवासी झालेला असला तरी! पुढेंहि, मागील दहांपैकीं नऊ वर्षें जो अनिवासी होता, त्यास कांहीं काळ मधली एक पायरी मिळते. त्या काळांत त्याच्या परदेशांतील उत्पन्नावर येथें सहसा कर पडत नाहीं. तिकडील घर वा शेअर विकावयाचे असतील, तर ते याच अवधींत विकणें शहाणपणाचें. ही पायरी ओलांडली, कीं परदेशांतील खातीं व मालमत्ता विवरणपत्रांत दाखवावीच लागते; न दाखविल्यास २०१५ च्या कायद्यान्वयें दहा लाख रुपयांचा दंड होऊं शकतो.

निवृत्तिवेतनाचे नियमहि देशपरत्वें भिन्न आहेत. ब्रिटनचें सरकारी निवृत्तिवेतन भारतांत मिळतें, परंतु येथें राहणाऱ्यास त्यांत दरवर्षींची वाढ मिळत नाहीं. पहिल्या दिवशींचा आंकडा तोच अखेरचा. वीस वर्षांच्या महागाईचा विचार करतां ही गोष्ट लहान नव्हे. अमेरिकेची ‘सोशल सिक्युरिटी’ उभय देशांच्या करारानुसार केवळ अमेरिकेंतच करपात्र ठरते. मात्र तेथील वृद्धांची ‘मेडिकेअर’ ही योजना बारामतीच्या रुग्णालयाचें बिल देत नाहीं. त्याची तरतूद स्वतंत्र करावयास हवी. शिवाय अमेरिकेच्या नागरिकाची परदेशांतील सर्व खात्यांतील शिल्लक मिळून वर्षांत केव्हांहि दहा हजार डॉलरांहून अधिक झाली, तर त्याची माहिती अमेरिकेच्या सरकारास दरसाल द्यावी लागते. भारतांतील बँक त्यास परदेशची आहे, हें येथें विसरून चालत नाहीं.

राहतां राहिली घरांतील दुसऱ्या माणसाची गोष्ट. पुष्कळ घरांतून हे सर्व व्यवहार एकटे गृहस्थच पाहतात. पत्नीस खात्यांची संख्याहि ठाऊक नसते. अशा घरांत अकस्मात् प्रसंग ओढवला, तर दोन देशांतील बँका, दोन देशांचे कर आणि तलाठ्याची वारसनोंद हें सारें ओझें त्या माउलीवर एकदम येऊन पडतें. म्हणून खातीं शक्य तेथें दोघांच्या नांवें असावींत. नोव्हेंबर २०२५ पासून एका खात्यास चार वारसदारांपर्यंत नामनिर्देशन करतां येतें, तेंहि करून ठेवावें. ठेवींचा विमा एका बँकेंत एका ठेवीदारास व्याजासह पांच लाख रुपयांपर्यंतच असतो; यास्तव सर्व पुंजी एकाच ठिकाणीं नसावी. सर्व खात्यांची व कागदपत्रांची एक यादी दोघांच्या माहितींत असावी.

गांवीं परतण्याचा निश्चय भावनेनें व्हावा, हें योग्यच. पण परतण्याची तयारी तिकडून निघण्यापूर्वीं निदान एक वर्ष, कागद-पेन्सिल घेऊन करावी. मग बिऱ्हाड लागल्यावर कचेऱ्यांचे उंबरे झिजवावे लागत नाहींत, आणि ज्यासाठीं एवढ्या दूरवरून परत यावयाचें, तें ओट्यावरचें निवांतपण खरोखरीच वाट्यास येतें.