चंद्रपूरची हिमनदी

गोरेगावच्या शाळांची सहल बहुधा नागझिऱ्याच्या अरण्यात जाते, नाही तर नवेगावच्या तलावावर. हिमनदी पाहण्याची इच्छा कोणा विद्यार्थ्याने बोलून दाखविलीच, तर गुरुजी हिमालयाच्या नकाशाकडे बोट करतात. वास्तविक गोंदिया–बल्लारशा रेल्वेने चंद्रपूर गाठले, की पैनगंगेकाठचे इरई फार दूर राहत नाही. तेथील चुनखडकावर समांतर ओरखडे व चर आहेत. त्यांवर लहानमोठ्या धोंड्यांचा थर. हे बर्फाचे कर्तृत्व, असे फेडन या भूशास्त्रज्ञाने १८७५ साली लिहिले. सुमारे ३० कोटी वर्षांपूर्वी ही भूमी दक्षिण ध्रुवाच्या बरीच निकट होती. सरकत्या बर्फाच्या तळाशी रुतलेल्या दगडांनी हा कातळ घासून काढला. आणि तोही आज मे महिन्यात ४५ अंशांनी होरपळणाऱ्या जिल्ह्यात!

हा टापू सिमेंटच्या कारखान्यांचा. चुनखडकाची किंमत येथे टनावर ठरते, ओरखड्यांवर नव्हे. म्हणून या सहलीस भूशास्त्राचा एखादा प्राध्यापक वाटाड्या म्हणून हवाच. तो नसेल, तर मुले त्याच कातळावर डबे उघडून बसतील आणि हिमनदी कोठे आहे, असे विचारतील.