विश्लेषण: मटणासोबत रेड, माशासोबत व्हाइट... वाईनचा हा नियम आपल्या ताटात का फसतो?

घरी चार पाहुणे जेवायला येणार असतात. मटणाचा झणझणीत रस्सा तयार असतो. कुणीतरी येताना वाईनची बाटली घेऊन येतो. बहुतेकदा ती रेड असते आणि बऱ्यापैकी महागही असते. पहिला घोट, मग रश्शाचा घास, मग दुसरा घोट. तोंड आणखी भाजतं, जीभ कोरडी पडते आणि अर्धी बाटली तशीच उरते. शेवटी निकाल लागतो, 'वाईन काही आपल्या जेवणाबरोबर जात नाही.'

इथे दोष वाईनचा नसतो आणि रश्शाचा तर अजिबात नसतो. जोडी चुकलेली असते. 'मटणासोबत रेड, माशासोबत व्हाइट' हा नियम युरोपात तयार झाला आणि तिथल्या मटणात आपल्यासारखी मिरची नसते. मग आपण बाटली कशी निवडायची? नाशिकच्या सुला विनयार्ड्सच्या वाईन्स समोर ठेवून हे समजून घेऊया. सुलाच का, तर त्यांच्या बाटल्या राज्यात बहुतेक वाईन शॉपमध्ये दिसतात आणि एकाच कंपनीत गोडसर ते तुरट असे सगळे प्रकार मिळतात. द्राक्षाची जात तीच असेल, तर इतर कंपन्यांच्या वाईनलाही हेच तर्क लागू होतात.

नाशिकमध्ये ही द्राक्षं आली कुठून?

नाशिकचं नाव खायच्या द्राक्षांसाठी, विशेषतः बिनबियांच्या थॉमसन जातीसाठी आधीपासून होतं. वाईनची द्राक्षं वेगळी असतात. मणी लहान, साल जाड आणि आत बिया. खायला घेतली तर तुम्ही दुसरा घड उचलणार नाही, पण वाईनची चव याच सालीतून आणि आंबटपणातून येते.

अमेरिकेत स्टॅनफर्ड विद्यापीठात इंजिनीअरिंग शिकून ओरॅकल कंपनीत काम केलेले राजीव सामंत १९९० च्या दशकात परतले आणि त्यांनी नाशिकजवळ गंगापूर परिसरातल्या कौटुंबिक जमिनीवर वाईनच्या द्राक्षांची लागवड केली. २००० मध्ये सुलाची पहिली वाईन बाजारात आली. कंपनीचं नाव त्यांच्या आईच्या, म्हणजे सुलभा या नावावरून आलं आहे. डिसेंबर २०२२ मध्ये ही कंपनी शेअर बाजारात नोंदली गेली.

फ्रान्समध्ये द्राक्षांची तोडणी साधारण सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये होते. नाशिकमध्ये पावसाळा टाळून हिवाळ्यात फळ तयार करावं लागतं. म्हणून इथे वर्षातून दोनदा छाटणी होते, उन्हाळ्यात खरड छाटणी आणि पावसाळ्याच्या शेवटी गोडी छाटणी. तोडणी जानेवारी ते मार्चच्या दरम्यान चालते. या दिवसांत रात्री थंड असतात आणि त्यामुळे द्राक्षात आंबटपणा टिकून राहतो. तिखट, तेलकट जेवणासोबत हाच आंबटपणा कामाला येतो.

जिभेवर नेमकं काय होतं?

रंग आणि किंमत जरा बाजूला ठेवा. जोडी जुळणार की नाही, हे मुख्यतः चार गोष्टींवर ठरतं.

आंबटपणा: लिंबू पिळलं की भजी हलकी लागतात. वाईनमधला आंबटपणा तेच काम करतो आणि तेल-तुपाचा थर कापतो. मात्र पदार्थ वाईनपेक्षा जास्त आंबट असेल, तर वाईन पाणचट लागते.

गोडवा: मिरचीचा जाळ थोड्या साखरेनं कमी जाणवतो. तिखट मिसळीनंतर जिलेबी किंवा गोड दही बरं वाटतं, ते याचमुळे. गोड पदार्थांना नियम उलटा. वाईन पदार्थाइतकी किंवा त्याहून गोड हवी, नाहीतर ती आंबट लागते.

टॅनिन: म्हणजे तुरटपणा. कच्चं केळं किंवा जास्त उकळलेला कोरा चहा तोंडात घेतल्यावर जीभ आखडते ना, तसं. टॅनिन लाळेतल्या प्रथिनांना चिकटतं, त्यामुळे तोंड कोरडं पडतं. रेड वाईन सालीसकट आंबवतात, म्हणून तिच्यात टॅनिन जास्त असतं. कमी मसाल्याच्या चरबीदार मटणासोबत ते मऊ लागतं. मिरचीसोबत मात्र जळजळ आणि कोरडेपणा एकत्र येतात.

अल्कोहोल: जिभेवरचे ज्वलन ओळखणारे संवेदक मिरचीतल्या कॅप्सायसिनमुळे जागे होतात. अल्कोहोल त्याच संवेदकांना आणखी हळवं करतं. म्हणजे वाईन जितकी कडक, तितकी मिरची जास्त झोंबणार.

आता सुरुवातीच्या बाटलीकडे पाहा. महाग रेड वाईन बहुतेकदा 'रिझर्व्ह' असते. ती ओक लाकडाच्या पिंपात मुरवलेली असते आणि लाकडातूनही टॅनिन उतरतं. म्हणजे आपण जास्त पैसे मोजून नेमकी तीच गोष्ट वाढवून आणतो, जी तिखट रश्शाला चालत नाही.

कोणत्या बाटलीसोबत काय?

शेनिन ब्लाँ (दुकानात बहुतेकदा 'चेनिन ब्लांक'): मूळ फ्रान्समधल्या लॉयर खोऱ्यातली जात. सुलाची ही व्हाइट वाईन किंचित गोडसर असते आणि तुरट नसते. तिखट मराठी जेवणासाठी पहिली बाटली घ्यायची असेल, तर ही घ्या. कोंबडी-वडे, झणझणीत अंडा करी, कांदाभजी यांच्यासोबत छान जाते. गोव्याच्या विंदालूसोबतही ही चालते. गंमत म्हणजे 'विंदालू' हे नाव ज्या पोर्तुगीज शब्दांवरून आलं, त्यांचा अर्थच वाईन आणि लसूण यांचं मुरवण असा आहे. गोव्यात आल्यावर त्यात वाईनऐवजी व्हिनेगर आणि भरपूर मिरची आली.

सोव्हिन्यों ब्लाँ: कोरडी, म्हणजे गोडवा जवळजवळ नसलेली आणि चांगली आंबट. ढोबळी मिरचीला जो हिरवा वास येतो, त्याच गटातली संयुगं या द्राक्षातही असतात. त्यामुळे कोथिंबीर वडी, हिरव्या वाटणातलं चिकन, पालेभाजीची भजी यांच्याशी तिचं पटतं. रव्यात तळलेली सुरमई किंवा कोलंबी असेल, तर लिंबाच्या फोडीचं काम हीच करते. कोकम घातलेली मालवणी आमटी मध्यम तिखट असेल, तर तिथेही चालेल.

झिन्फंडेल रोझे: गुलाबी रंगाची आणि थोडी गोडसर. काळ्या द्राक्षाची साल थोडाच वेळ रसात ठेवतात, म्हणून रंग येतो पण तुरटपणा फारसा येत नाही. मिसळ, तंदुरी चिकन, पनीर टिक्का, बिर्याणी, शेजवान नूडल्स अशा 'थोडं तिखट, थोडं आंबट, थोडं गोड' पदार्थांसाठी ही सोयीची आहे. टेबलावर शाकाहारी आणि मांसाहारी दोन्ही असतील आणि बाटली एकच आणायची असेल, तर रोझे सहसा फसत नाही.

ब्रूट: बुडबुड्यांची वाईन. तिचं दुसरं आंबवणं बाटलीतच होतं आणि त्यातून वायू तयार होतो. बुडबुडे आणि आंबटपणा यांची तळणीशी चांगली मैत्री असते. कुरकुरीत बोंबील, साबुदाणा वडा, बटाटेवडा (लसणाची चटणी जरा बेतानं) यांच्यासोबत घ्या. ही फक्त वाढदिवसाला फोडायची बाटली आहे, हा गैरसमज आहे.

शिराझ: सुलाच्या रेड वाईनमधली ओळखीची जात. 'दिंडोरी रिझर्व्ह' नावाची ओकमध्ये मुरवलेली शिराझही मिळते. काळ्या मिरीचा वास ज्या संयुगामुळे येतो, तेच संयुग शिराझच्या द्राक्षातही सापडतं. म्हणून लाल तिखटापेक्षा मिरीवर उभे असलेले पदार्थ निवडा. मिरी घातलेलं सुकं मटण, कबाब, भाजलेले मशरूम, किंवा दाण्याचं कूट आणि सुकं खोबरं भरलेली कमी तिखट वांगी. माशासोबत शक्यतो टाळा. रेड वाईनमधल्या लोहामुळे माशाचा वास अधिक तीव्र होतो आणि तोंडात धातूसारखी चव राहते.

लेट हार्वेस्ट शेनिन ब्लाँ: द्राक्षं वेलीवर जास्त दिवस ठेवून, साखर वाढल्यावर तोडतात. त्यातून गोड वाईन होते. जेवणानंतर आंब्याच्या फोडी, खरवस, फळांचं कस्टर्ड यांच्यासोबत छोट्या ग्लासात पुरते. गुळाच्या पुरणपोळीपुढे मात्र तीही फिकी पडू शकते.

कोल्हापुरी ताटाचं काय करायचं?

वरचे सगळे तर्क एकाच ताटात तपासायचे असतील, तर कोल्हापुरी थाळी उत्तम. पांढऱ्या रश्शात नारळाचं दूध, काजू-खसखस आणि मटणाचं पाणी असतं. तो मऊ, स्निग्ध असतो. त्याला थंड शेनिन ब्लाँ किंवा फुलांच्या वासाची व्हियोनिए (ही सुद्धा व्हाइट) चांगली. सुकं मटण मध्यम तिखट असेल, तर साधी, रिझर्व्ह नसलेली शिराझ थोडी गार करून घेता येईल.

तांबडा रस्सा आला की रेड बाजूला ठेवा. गोडसर व्हाइट किंवा रोझे थोडी मदत करते. पण रस्सा खरोखर जाळ असेल, किंवा समोर नागपूरचं सावजी असेल, तर कोणतीच वाईन नको. अशा वेळी ताक जिंकतं. दुधातलं केसीन हे प्रथिन कॅप्सायसिनला धरून जिभेवरून काढतं. वाईनमध्ये ते नसतं.

किती थंड करायची?

'रेड वाईन रूम टेम्परेचरला प्यावी' असं सांगतात. ती रूम युरोपातली, साधारण १६ ते १८ अंशांची. मे महिन्यातल्या अकोल्याची नव्हे. आपल्याकडे रेडसुद्धा पिण्याआधी २० ते ३० मिनिटं फ्रिजमध्ये ठेवलेली बरी. गरम रेडमध्ये अल्कोहोल नाकात जातं आणि चव हरवते.

व्हाइट आणि रोझे ८ ते १० अंशांना, ब्रूट त्याहून थोडी थंड. फ्रिजमध्ये दोन-तीन तास पुरतात. घाई असेल तर बादलीत नुसता बर्फ न टाकता बर्फ आणि पाणी दोन्ही घाला, वर मूठभर मीठ टाका. पाणी बाटलीला सगळीकडून टेकतं आणि मिठामुळे तापमान आणखी उतरतं. बाटली साधारण २० मिनिटांत तयार होते.

वाईन 'हलकी' असते का?

नाशिकची द्राक्षं, शेतकऱ्याचा माल, म्हणून वाईन ही दारूच नाही, असा सूर अधूनमधून ऐकू येतो. जानेवारी २०२२ मध्ये राज्य मंत्रिमंडळानं सुपरमार्केटमध्ये वाईन विक्रीला परवानगी देण्याचा निर्णय घेतला, तेव्हा यावरून मोठा राजकीय वाद झाला होता. राजकारण सोडून गणित करूया.

वाईनच्या ७५० मिलीच्या बाटलीत १५० मिलीचे पाच ग्लास होतात. अल्कोहोल १२.५ टक्के धरलं, तर एका ग्लासात सुमारे १९ मिली शुद्ध अल्कोहोल येतं. भारतात व्हिस्की-रम सहसा ४२.८ टक्क्यांची असते. तिच्या ३० मिलीच्या पेगमध्ये सुमारे १३ मिली अल्कोहोल असतं. म्हणजे वाईनचा एक भरलेला ग्लास हा जवळपास दीड छोट्या पेगइतका झाला. 'एकच ग्लास वाईन घेतलीय' म्हणत गाडीची किल्ली उचलणाऱ्याला हे गणित जरूर सांगा.

जागतिक आरोग्य संघटनेच्या म्हणण्यानुसार आरोग्यासाठी सुरक्षित असं मद्याचं कोणतंही प्रमाण नाही. म्हणून 'हृदयासाठी चांगली' म्हणून वाईन सुरू करण्यात अर्थ नाही. महाराष्ट्रात वाईन आणि बिअरसाठी किमान वय २१, तर इतर कडक मद्यासाठी २५ आहे.

दुकानात उभे असाल तर एवढं लक्षात ठेवा

• आधी ताटात काय आहे ते ठरवा, मग बाटली.
• तिखट जेवण: गोडसर शेनिन ब्लाँ किंवा रोझे, चांगली थंड.
• तळलेलं आणि मासे: सोव्हिन्यों ब्लाँ किंवा ब्रूट.
• भाजलेलं मटण, कबाब, मिरीचे पदार्थ: शिराझ. तिखट रश्शासोबत 'रिझर्व्ह' नको.
• गोड पदार्थ: लेट हार्वेस्ट.
• उरलेली बाटली झाकण घट्ट लावून फ्रिजमध्ये उभी ठेवा. व्हाइट आणि रेड तीन-चार दिवस टिकतात, ब्रूटचे बुडबुडे एक-दोन दिवसांत जातात. चव उतरली, तर चिकन मुरवायला वापरा.