जंताची गोळी : कोणाला, किती आणि कशी?

अल्बेंडाझोल हे नाव फारसे कोणाच्या लक्षात राहत नाही. शिरूर-दौंडच्या शाळांत ती केवळ 'जंताची गोळी' असते. राष्ट्रीय जंतनाशक दिनाची मोहीम देशात २०१५ च्या फेब्रुवारीत सुरू झाली. फेब्रुवारी आणि ऑगस्ट हे तिचे ठरलेले महिने. एक ते एकोणीस वर्षांच्या मुलामुलींना अंगणवाडीत किंवा शाळेत एकच मात्रा दिली जाते. दोन वर्षे पूर्ण झालेल्यांना ४०० मिलिग्रॅमची संपूर्ण गोळी, तर एक ते दोन वर्षांच्या बाळांना अर्धी. गोलकृमी, अंकुशकृमी आणि चाबूककृमी हे तिचे लक्ष्य. यांपैकी अंकुशकृमी मातीतून अनवाणी पायांच्या त्वचेवाटे शरीरात शिरतो आणि आतड्याला चिकटून रक्त शोषतो. ओल्या उसाच्या शेतात अनवाणी वावरणाऱ्या मुलांमधील पंडुरोगाचे हेही एक कारण असू शकते.

हे औषध कृमींच्या पेशींमधील सूक्ष्म नलिकांची रचना मोडते. कृमीला साखर शोषता येत नाही, त्याची उपासमार होते आणि तो काही दिवसांत मरतो. त्यामुळे गोळी घेतल्यावर दुसऱ्या दिवशी शौचातून जंत पडले नाहीत म्हणजे औषध वाया गेले, हा समज चुकीचा आहे. एका मात्रेने गोलकृमी सहसा जातात, चाबूककृमी मात्र चिवट असतात. शिवाय दूषित मातीचा संपर्क सुटला नाही, तर काही महिन्यांत लागण पुन्हा होते. वर्षातून दोन फेऱ्या ठरवण्यामागे हेच कारण आहे. गुदद्वाराशी खाज आणणाऱ्या सुतासारख्या कृमींसाठी डॉक्टर दोन आठवड्यांनी मात्रा पुन्हा देतात.

गोळी गिळायची नसून चावून खायची आहे. लहान मुलांच्या घशात ती अडकू शकते. म्हणून बाळांसाठी ती दोन चमच्यांमध्ये चुरून पाण्यात कालवून द्यावी. रडणाऱ्या मुलाचे नाक दाबून गोळी तोंडात कोंबण्याची जुनी रीत सर्वस्वी त्याज्य आहे. ताप असलेल्या किंवा आजारी मुलाला त्या दिवशी गोळी देत नाहीत. बरे झाल्यावर नंतरच्या फेरीत देतात. पोटात कळा, मळमळ, क्वचित उलटी असा त्रास काहींना होतो. ज्यांच्या पोटात जंत अधिक, त्यांना तो अधिक. बहुधा विश्रांती आणि पाणी एवढ्यावरच तो ओसरतो. गोळी शिक्षकांसमोरच खावी, घरी नेऊ नये, असा नियम आहे आणि तो योग्यच आहे.

जेवणानंतर की उपाशीपोटी, या प्रश्नाचे उत्तर आजारानुसार बदलते. अल्बेंडाझोल आतड्यातून रक्तात फारच थोडे शोषले जाते. जंत आतड्यातच असतील तर ही उणीव नसून सोय आहे, कारण औषध जिथे हवे तिथेच राहते. पण कृमींच्या अळ्या मेंदूत किंवा यकृतात असतील, तर औषध रक्तात पोहोचायला हवे. तेव्हा ते स्निग्ध जेवणाबरोबर घेतात. उपाशीपोटी घेतल्याच्या तुलनेत अशा जेवणाबरोबर रक्तातील प्रमाण सुमारे पाचपट होऊ शकते. स्निग्ध जेवणाने औषधाचे बळ इतके बदलते, हे अनेक रुग्णांना कोणी सांगतही नाही.

मेंदूतील अळ्यांचा आजार, न्यूरोसिस्टिसरकोसिस, भारतात फिट येण्याचे एक महत्त्वाचे कारण आहे. तो शाकाहारी माणसालाही होतो, कारण डुकराच्या फीतकृमीची अंडी माणसाच्या मैल्याने दूषित झालेल्या पाण्यातून वा भाजीपाल्यातून पोटात जातात. औषधांच्या आंतरक्रियेची गुंतागुंत इथे सर्वाधिक. फेनिटॉइन, कार्बामाझेपिन, फेनोबार्बिटॉल ही फिटवरील औषधे अल्बेंडाझोलच्या कार्यकारी रूपाचे रक्तातील प्रमाण घटवतात. सूज आवरण्यासाठी दिले जाणारे डेक्सामेथासोन मात्र ते वाढवते. सिमेटिडिन आणि प्राझिक्वांटेल यांचाही कल वाढवण्याकडेच. शिवाय अळ्या मरताना मेंदूला सूज येऊन फिट येऊ शकते. म्हणून फिटचा पूर्वेतिहास असलेल्या मुलाच्या पालकांनी ती गोष्ट शिक्षकांना आधीच सांगणे आवश्यक आहे. लाजेपोटी ती लपवली जाते, हे दुर्दैव.

गर्भारपणाच्या पहिल्या तीन महिन्यांत हे औषध टाळतात. पंडुरोग निर्मूलनाच्या कार्यक्रमात ते दुसऱ्या तिमाहीत दिले जाते. मोहीम एकोणिसाव्या वर्षापर्यंतच्या मुलींची आहे, त्यांत विवाहित मुलीही असतात. वर्गात सर्वांदेखत विचारण्याचा हा प्रश्न नव्हे. तो आशा सेविकेने हलकेच विचारावा.

साठवणीत ऊन आणि ओल हे दोन शत्रू. उन्हाळ्यात दौंडला पारा चाळिशी ओलांडतो, आणि पत्र्याच्या खोलीतील कपाट त्याहून तापते. वेष्टनावर छापलेल्या तापमानाच्या मर्यादेत, सावलीत आणि कोरड्या जागी गोळ्या मूळ पाकिटातच ठेवाव्यात. आधीच सोडवून कागदाच्या पुडीत बांधलेल्या गोळ्यांना ओल लागते आणि मुदतही कळत नाही. पातळ औषधाची बाटली हलवल्याखेरीज ओतू नये, अन्यथा वर पाणी आणि तळाशी औषध राहते.

फेब्रुवारीची फेरी येते तेव्हा गळीत हंगाम सुरू असतो. भीमाकाठच्या फडांत मराठवाड्यातून आलेल्या ऊसतोडणी कामगारांच्या कोप्या पडलेल्या असतात. त्यांच्या मुलांची नावे गावाकडच्या शाळेच्या पटावर, मुले मात्र इथे. शाळाबाह्य मुलांना अंगणवाडीत गोळी देण्याची तरतूद आहे, पण पहाटेच फडात जाणाऱ्या आईला ती कळणार कशी? गावाकडे आणि इथे अशी दोनदा गोळी पडेल, ही भीती मोठी नाही. हायडॅटिड या आजारात मोठ्या माणसांना हेच औषध ४०० मिलिग्रॅम दिवसातून दोनदा, सलग २८ दिवस देतात, मध्ये १४ दिवस थांबून अशा फेऱ्या होतात. अर्थात रक्त आणि यकृताच्या तपासण्या करीतच. गोळी अजिबात न मिळणे हाच खरा धोका.

हायडॅटिड या भागाला परका नाही, असे मानून चालावे. कुत्र्याच्या आतड्यातील एका बारीक फीतकृमीची अंडी विष्ठेवाटे गवतावर, पाण्यात आणि हातांवर येतात. मेंढी किंवा माणूस ती गिळतो आणि यकृतात वा फुफ्फुसात पाण्याच्या गाठी वाढतात. कापलेल्या मेंढीची गाठ असलेली काळीज-फुफ्फुसे कुत्र्यापुढे टाकली की चक्र पूर्ण होते. मेंढपाळांच्या वाड्यावर अल्बेंडाझोलची बाटली असतेच, पण ती मेंढरांसाठी. जनावरांच्या द्रावणात औषधाचे प्रमाण वेगवेगळे असते. माणसांच्या पातळ औषधात ते पाच मिलिलिटरला २०० मिलिग्रॅम असते. झाकणाने मोजून जनावराचे औषध मुलाला पाजल्यास मात्रा किती गेली, हे डॉक्टरलाही सांगता येणार नाही. मेंढरांनाही ते वजन पाहूनच पाजावे लागते, कारण कमी मात्रेतून वाचलेले जंत पुढे त्या औषधाला दाद देत नाहीत.